कोरलड्रॉमध्ये ग्रेट व्हाइब्जची अक्षरं जोडावर पांढरी पडत असतील तर

लक्षण: लग्नपत्रिकेवर ग्रेट व्हाइब्ज या वळणदार फॉन्टमध्ये इंग्रजी नावं. स्क्रीनवर ठीक, पण कर्व्ह केल्यावर (म्हणजे मजकुराचे आकार केल्यावर) दोन अक्षरं जुळतात तिथे पांढरे ठिपके.

फॉन्ट पुन्हा टाकला, साइज वाढवली, पीडीएफ बदलली. दोन दिवस गेले, ठिपके तसेच.

कारण असं की या फॉन्टमध्ये एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते. सगळा शब्द एकदम कर्व्ह केला की त्याचा एकच आकार होतो आणि चढलेला भाग भोक धरला जातो.

आधी अक्षरांमधलं अंतर शून्य करा. मग मजकूर असतानाच कंट्रोल-के, प्रत्येक अक्षर सुटं होईपर्यंत. त्यानंतर सगळी निवडून कंट्रोल-क्यू म्हणजे कर्व्ह, शेवटी वेल्ड, म्हणजे सगळे आकार जोडून एक. क्रम उलटा केलात तर ‘ओ’, ‘ए’ यांची पोटं भरून जातात. स्पेलिंग आधीच तपासा, नंतर टाइप करून सुधारता येत नाही.

केसासारख्या रेषा छपाईत तुटत असतील तर वेल्डनंतर एफ१२ दाबून त्याच रंगाची ०.१ मिमी आउटलाइन द्या. रंग फक्त के १००, म्हणजे शंभर टक्के नुसती काळी शाई. चार रंगांचा काळा जरासा सरकला तरी बारीक रेषेला रंगीत कड दिसते. आणि पूर्ण नाव कॅपिटलमध्ये नकोच, ती वळणदार अक्षरं एकमेकांत अडकून वाचता येत नाहीत.