लाटांमधली बचाव-बोट: स्वयंसेवकांना क्रू आणि चालक म्हणून कसे तयार करावे

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी लाल-पिवळ्या टोप्या घालून पहारा देणारे जीवरक्षक बिनपगारी स्वयंसेवक असतात, आणि त्यांच्या हाताशी असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे हवा भरलेली रबरी बचाव-बोट. तिला तेथे सगळे ‘आयआरबी’ (इन्फ्लेटेबल रेस्क्यू बोट) म्हणतात. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, मागे 25 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, पंख्याभोवती संरक्षक जाळी आणि बोटीत दोनच माणसे: मागे चालक, पुढे क्रू, म्हणजे त्याचा साथीदार. 1960च्या दशकाच्या अखेरीस सिडनीच्या उत्तरेकडील ॲव्हलॉन येथील जीवरक्षक क्लबमध्ये ही बोट प्रथम वापरात आली. त्याआधी जीवरक्षक कमरेला पट्टा बांधून पोहत जात आणि किनाऱ्यावरचे सहकारी रिळावरची दोरी ओढून त्यांना परत आणत. 6 फेब्रुवारी 1938 रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर एकापाठोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोक एकाच वेळी आत ओढले गेले, तेव्हा याच साधनांनी बहुतेकांना वाचवले गेले, तरी पाच जण दगावले. आज किनाऱ्यापासून बुडणाऱ्यापर्यंतचे तेच अंतर बोट काही मिनिटांत कापते. मात्र ज्या ताकदीमुळे हे शक्य होते, तीच ताकद अर्धवट शिकलेल्या हातात पडली तर बोटीतल्या आणि पाण्यातल्या माणसांचे हातपाय मोडू शकते. म्हणून प्रशिक्षणाचा क्रम कोणासाठीही बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

सिडनी-मेलबर्नमधल्या क्लबांत नव्याने दाखल होणाऱ्या मराठी स्वयंसेवकांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र परका नसतो, परंतु दक्षिण महासागरातून दूरवरून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या लाटा वेगळ्या वागतात. दहा-पंधरा मिनिटे पाणी शांत दिसते आणि मग चार-पाच मोठ्या लाटांचा संच लागोपाठ येऊन थडकतो. ही लय अंगवळणी पडल्याशिवाय कोणालाही बोटीत बसवू नये.

पहिली अट आहे ब्राँझ मेडॅलियनची, म्हणजे जीवरक्षकाच्या मूलभूत पात्रतेची. ही पात्रता मिळवण्यासाठी 400 मीटर पोहणे नऊ मिनिटांच्या आत पूर्ण करावे लागते. त्याशिवाय 200 मीटर धावणे, 200 मीटर पोहणे आणि पुन्हा 200 मीटर धावणे आठ मिनिटांत पार पाडावे लागते. बोट चालवायला एवढे पोहणे कशाला, असे काही उमेदवार विचारतात. इंजिन बंद पडले किंवा बोट उलटली की दोघांनाही पोहावेच लागते, आणि बुडणाऱ्याला धरून लाटा सोसाव्या लागतात, हे त्याचे उत्तर आहे.

त्यानंतरचे पहिले सत्र कोरड्या वाळूवर घ्यावे. उमेदवारांना एखाद्या उंच जागी बसवून किमान अर्धा तास पाणी पाहायला लावावे आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: लाटा कुठे फुटत आहेत, कुठे फुटत नाहीत, आणि दोन संचांमध्ये किती वेळ जातो. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद दिसते आणि पृष्ठभागावर फेस व वाळू समुद्राकडे वाहताना दिसते, तिथे बहुधा रिप, म्हणजे आत ओढून नेणारा प्रवाह असतो. नवख्या पोहणाऱ्याला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते आणि तो तिथेच उतरतो, म्हणून बहुतेक बचाव तिथेच करावे लागतात. बोटीसाठी मात्र तीच बाहेर पडण्याची सोपी वाट ठरते. उमेदवाराने बोटाने दाखवून ‘आपण इथून जाऊ आणि इथून परत येऊ’ असे सांगेपर्यंत पुढचा धडा सुरू करू नये.

बोटीची तपासणी दोघांनी मिळून आणि दरवेळी त्याच क्रमाने करावी. प्रत्येक कप्प्यातली हवा, तळाच्या फळ्या, इंधनाची लवचीक पिशवी व तिची नळी, पंख्याची जाळी, वल्ही, उलटलेली बोट सरळ करण्याची दोरी, बचाव-ट्यूब (माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारी लांबट नळी) आणि रेडिओ हे सर्व त्यात येते. दोन गोष्टींवर मी जास्त वेळ खर्च करायला सांगेन. पहिली म्हणजे चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षा-दोरी. ती फक्त जागेवर आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. इंजिन सुरू करून दोरी ओढावी आणि इंजिन खरोखर त्याच क्षणी बंद पडते का, हे कानांनी ऐकावे. इंजिन पाण्याबाहेर असताना ते काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. दुसरी म्हणजे क्रूने पाऊल रोवण्यासाठी बोटीच्या तळाशी असलेला पट्टा. पाऊल चवड्यापर्यंतच आत जायला हवे. पट्टा सैल असल्यामुळे पाऊल घोट्यापर्यंत आत सरकले, तर बोट आदळताना किंवा उलटताना शरीर एकीकडे फेकले जाते, पाय मात्र जागीच अडकतो आणि घोटा किंवा नडगी मोडते. क्रूच्या गंभीर दुखापतींमध्ये पायाच्या दुखापती फार असतात, म्हणून पट्टा प्रत्येकाच्या पायाप्रमाणे नव्याने बसवावा. आधीच्या माणसाने बसवलेला पट्टा तसाच वापरू नये.

आता क्रूचे काम. पुष्कळांना ही दुय्यम जागा वाटते, पण माझ्या मते चालक घडतो तो याच जागेवर. बोट पाण्यात ढकलल्यावर क्रू नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, धरून ती येणाऱ्या लाटांकडे सरळ ठेवतो. चालक आत चढून इंजिन सुरू करतो आणि त्याने सांगितल्यावरच क्रू चढतो. तो चालकाच्या विरुद्ध बाजूला, पुढच्या भागात बसतो. गुडघे वाकलेले, हात पकडींवर घट्ट आणि नजर समोर असावी. हलक्या बोटीत क्रूचे वजन हे दुसऱ्या सुकाणूसारखे काम करते: लाट अंगावर येताना तो पुढे झेपावतो, त्यामुळे नाळ वर उचलली जाऊन बोट मागे उलटत नाही, वळताना तो आतल्या बाजूला झुकतो. चालकाचे लक्ष इंजिन आणि जवळच्या लाटेवर असते, तेव्हा पुढची लाट, आजूबाजूचे पोहणारे आणि किनाऱ्यावरचे इशारे पाहून मोठ्याने सांगण्याची जबाबदारी क्रूची असते. ‘डावीकडे दोन माणसे’, ‘मागे मोठी लाट’ अशी छोटी, ठरलेली वाक्ये आधीच पाठ करून घ्यावीत.

इशाऱ्यांचा सराव रेडिओ बंद ठेवून करावा, कारण पाण्यात रेडिओ दगा देतोच. किनाऱ्यावरून एक हात सरळ वर धरलेला दिसला तर परत यायचे. दोन्ही हात सरळ वर असतील तर आणखी आत जायचे. दोन्ही हात आडवे पसरलेले असतील तर आहे तिथेच थांबायचे. बोटीतून डोक्यावर एक हात इकडून तिकडे हलवला, तर मदत हवी असा त्याचा अर्थ होतो.

चालकाचे शिक्षण शांत पाण्यातच सुरू व्हावे. ॲव्हलॉनच्या मागे पिटवॉटरची खाडी आहे, तसे आडोशाचे पाणी जवळपास असेल तिथे जावे. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी असलेल्या राज्यात, 10 नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) किंवा त्याहून अधिक वेगाने यांत्रिक बोट चालवायला परवाना लागतो, तो आधीच काढून घ्यावा. इंजिनाचा दांडा एका बाजूला ढकलला की नाळ दुसऱ्या बाजूला वळते. ही उलट सवय हाताला लागेपर्यंत दोन बोयांभोवती (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांभोवती) इंग्रजी आठच्या आकारात बोट फिरवून घ्यावी. मग तरंगती वस्तू उचलण्याचा सराव घ्यावा: वेग कमी करत जवळ जायचे, शेवटच्या टप्प्यात गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि वस्तू चालकाला सतत दिसत राहील अशा बाजूने उचलायची. जाळी असली तरी माणसाजवळ पंखा फिरता ठेवायचा नाही. या नियमाला अपवाद नाही.

लाटांमध्ये शिरताना सर्वांत मोठी चूक घाईची होते. संच सरून पाणी शांत होईपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात बोट धरून थांबणे हे कौशल्याचेच काम आहे, आणि उमेदवार किती शांतपणे थांबतो यावर मी त्याची निम्मी परीक्षा करेन. फुटून आलेली फेसाळ लाट नाळेने काटकोनात घ्यावी; धडकेच्या किंचित आधी थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी मूठ) कमी करावा आणि नाळ फेसातून वर येताच पुन्हा वाढवावा. फेसात हवा जास्त असल्याने पंख्याची पकड सुटते, म्हणून बोटीला आधीचा वेग पुरेसा असावा लागतो. न फुटलेल्या लाटेवर चढताना माथा येण्यापूर्वीच वेग कमी करावा. बोट हवेत उडाली तर पाहणाऱ्यांना ते शानदार वाटते, पण खाली आदळताना क्रूचा कणा आणि घोटे तो मार खातात. समोरची लाट नेमकी आपल्यावरच फुटणार असे दिसले, तर लवकर वळून किनाऱ्याकडे निघावे किंवा लाटेच्या न फुटणाऱ्या टोकाकडे जावे. अर्धवट निर्णय घेऊन बोट लाटेला आडवी सापडली, की ती उलटते.

बुडणाऱ्याजवळ पोहोचताना नाळ शक्यतो समुद्राकडे असावी, म्हणजे पुढची लाट दिसते आणि निघून जाता येते. क्रू त्याच्याशी बोलतो, काखेत हात घालून त्याला बोटीच्या हवा भरलेल्या कडेवरून आत घेतो आणि लगेच तळाशी बसवतो. दोन लाटांमध्ये हे काम होणार नसेल, तर क्रूने बचाव-ट्यूब घेऊन पाण्यात उतरावे, चालकाने बोट लाटांपलीकडे न्यावी आणि संच सरल्यावर परत यावे. सरावात या पर्यायाला पुरेसा वेळ द्यावा, कारण प्रत्यक्ष प्रसंगी पहिल्याच फेरीत माणूस उचलण्याचा मोह फार असतो.

परतताना एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने यावे. माथा ओलांडून पुढच्या उतारावर घसरले, की नाळ पाण्यात रुतते आणि बोट आडवी फिरते. बोट पूर्ण थांबेपर्यंत क्रूने उडी मारायची नाही. कितीतरी घोटे याच शेवटच्या दोन मीटरमध्ये मुरगळतात.

उलटण्याचा सराव छोट्या लाटांत आणि इंजिन बंद ठेवून मुद्दाम घ्यावा. बोट उलटली की आधी जोडीदाराला हाक मारायची, तो सापडल्यावर समुद्राच्या बाजूला राहायचे आणि मगच दोरीने बोट सरळ करायची. बुडालेले इंजिन तसेच सुरू करू नये. किनाऱ्यावर आणून स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढावे.

सत्र संपल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणे, इंधन भरणे आणि नोंदवही लिहिणे ही कामे उमेदवारांनीच करावीत. नोंदवहीत लाटांची उंची, कोण कोणत्या जागेवर होते आणि काय बिघडले हे स्पष्ट लिहावे. क्रू म्हणून वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या लाटांच्या नोंदी साठल्यावरच उमेदवाराला लाटांमध्ये थ्रॉटलवर बसवावे, आणि सुरुवातीला त्याच्या पुढे क्रू म्हणून अनुभवी चालक असावा.