डिपॉझिट वसूल केलं, वकिलाशिवाय

कॅलिफोर्नियात भाड्याचं घर सोडल्यावर 21 दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं, नाहीतर कपातीचा हिशेब द्यायचा असतो. आमच्या मालकाकडून दोन्हींचा पत्ता नाही. आधी लेखी मागणी केली, मग स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) एससी-100 हा दावा दाखल करण्याचा फॉर्म भरला. व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत दावा लावता येतो, फी 30 ते 75 डॉलर. सुनावणीत वकील चालत नाही. समोरच्यालाही नाही, हे बरंच. दाव्याचे कागद मात्र मालकाला आपण स्वतः द्यायचे नसतात, ते एका मित्राने नेऊन दिले.

निकाल आमच्या बाजूने लागला. खरी कटकट त्यानंतरची, कारण वसुली कोर्ट करत नाही! अपिलाची 30 दिवसांची मुदत उलटली, तरी मालक ढिम्म. (अपील त्यालाच करता येतं, दावा लावणाऱ्याला नाही.) मग भाड्याचे वटलेले चेक काढले. मागच्या बाजूला त्याच्या बँकेचा शिक्का! कोर्टातून रिट ऑफ एक्झिक्युशन, म्हणजे वसुलीचा आदेश, काढलं आणि बँकेच्या नाव-पत्त्यासह शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) कार्यालयात दिलं. खात्यावर टाच आली आणि पैसे मिळाले, शेरीफच्या फीसकट.

भाडं चेकने देत असाल तर वटलेल्या चेकचे दोन्ही बाजूंचे फोटो बँकेच्या साइटवरून आत्ताच उतरवून ठेवा.