कच्च्या आहाराचं स्वयंपाकघर: यंत्रं नंतर, आधी निथळायची सोय

कच्चा आहार सुरू करायचा म्हटलं की लोक आधी यंत्रांची यादी करतात. ती बाजूला ठेवा. धारदार सुरी, चिरायला मोठा पाट, किसणी, दोन चाळण्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आणि भरपूर सुती फडकी एवढ्यावर उत्तम चालतं. मिक्सर घरात आहे तोच पुरे.

शिजवताना आच जंतूंचा बंदोबस्त करते. ती आच गेली की सगळा भार स्वच्छता, कोरडेपणा आणि गारवा यांच्यावर येतो. म्हणून फ्रीजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा. आत 4 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी हवं. बटणावरचे 1 ते 5 आकडे म्हणजे अंश नव्हेत. पालेभाजी कोरडी करून फडक्यात गुंडाळा आणि सफरचंद, केळी, टोमॅटो यांच्यापासून लांब ठेवा. या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. अक्रोड-बदाम बंद डब्यात, गार जागी. नाहीतर खवट होतात.

आता मोड. बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. 'ओल्या फडक्यात घट्ट बांधा, उबेला ठेवा आणि विसरून जा' हे शिजवून खायच्या कडधान्याला ठीक आहे. कच्चं खाणार असाल तर मुळीच करू नका. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा मोडांइतकीच जंतूंनाही मानवते.

मूग किंवा मसूर 8 ते 12 तास भिजवा, पाणी पूर्ण ओता, खळखळून धुवा. बरणी जेमतेम पाव भरा, कारण मोड फुगतात आणि बरणी गच्च झाली की मधल्या दाण्यांना हवा लागत नाही. तोंडावर जाळीचं कापड बांधून बरणी उलटी, तिरकी टेकवा, म्हणजे पाणी गळत राहील आणि हवाही खेळेल. दिवसातून दोनदा, उकाड्यात तीनदा धुवा. धुण्याइतकंच निथळणं महत्त्वाचं: तळाशी चमचाभर पाणी साचलं तरी बरणी वास मारू लागते. मोड झाले की शेवटचं धुणं करून काही तास कोरडे होऊ द्या, मगच फ्रीजमध्ये ठेवा.

मुळाशी पांढरी लव दिसली तर घाबरू नका. ती मुळांचीच असते आणि पाण्याखाली धरली की चापून बसते. बुरशीचे धागे मात्र दाण्यांवरून पसरतात. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की सगळी बरणी टाका. लिंबू, व्हिनेगर लावून ती वाचवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

एवढं सांभाळूनही जंतू मुळात बियांवरच असू शकतात. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली, 50 हून अधिक माणसं दगावली. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड देऊ नका, नीट शिजवून द्या. शेतात पेरायचं बियाणं वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असू शकतं. राजमा तर मोड आणूनही कच्चा खायचा नाही. त्यातलं विषारी लेक्टिन उकळल्याशिवाय जात नाही, त्यामुळे शेगडी मोडीत काढू नका.

आहार पूर्ण वनस्पतिजन्य असेल तर जीवनसत्त्व बी12 च्या गोळ्या फळीवर हव्यातच. मोडांतून ते मिळत नाही.

डीहायड्रेटर, म्हणजे मंद उबेवर भाज्या-फळं वाळवायचं यंत्र, सगळ्यात शेवटी, आणि तापमान अंशांत लावता येणाराच घ्या. कच्चा आहार घेणारे साधारण 40 ते 48 अंशांच्या वर जात नाहीत आणि तेवढ्या उबेने जंतू मरत नाहीत. तेव्हा काप पातळ करा, एकमेकांवर चढू देऊ नका, आणि कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात भरू नका.