जिनिंगच्या डेटाबेसमध्ये कोणाले किती हक्क द्यायचा

आपल्या इकडे जिनिंगवर सॉफ्टवेअर बसवलं की काटेवाला, मुनीम, मालकाचा पोरगा सगळे पोस्टग्रेस (PostgreSQL) डेटाबेसमध्ये एकाच 'पोस्टग्रेस' युजरनं, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्यानं, आत शिरते. भाऊ, हे करू नका. एका जिनिंगवर ऐन सीझनमध्ये कास्तकाराच्या पावतीवरचं वजन दीड क्विंटल कमी झालं, आन कोणी केलं ते सापडलंच नाही, कारण लॉगिन एकच. तो माणूस दिवसभर गाडी घेऊन उभा होता.

आधी एक मालक रोल (रोल म्हणजे डेटाबेसमधलं हक्काचं खातं) बनवा, 'नोलॉगिन' ठेवा म्हणजे त्या नावानं कोणी आत शिरणार नाही, सगळे टेबल त्याच्याच नावावर. मंग दोन स्कीमा (टेबलं ठेवायचे वेगळे कप्पे) करा: काट्याची वजनं एकीत, चुकारे आन बँक खाती दुसरीत. त्यानंतर काटा आन मुनीम असे दोन ग्रुप रोल, आन प्रत्येक माणसाचा वेगळा लॉगिन त्या ग्रुपात टाका, म्हणजे पोरगा काम सोडून गेला की त्याचा तेवढा लॉगिन बंद करता येते.

काटा रोलले वजनाच्या टेबलवर फक्त सिलेक्ट (पाहणं) आन इन्सर्ट (नवीन नोंद टाकणं). अपडेट, डिलीट बिलकुल नाही, चूक झाली त मुनीम दुरुस्तीची नवीन नोंद टाकंल. चुकाऱ्याच्या स्कीमात त्याले पायही ठेवू देऊ नका.

इथं लोक अडकते. टेबलचा ग्रँट (हक्क) दिला तरी 'परमिशन डिनाइड' येते, कारण स्कीमावर 'युसेज' दिलेला नसते, फाटकालेच कुलूप असल त कपाटाची किल्ली देऊन काय फायदा! सिरियल (आपोआप नंबर पडणारा) कॉलम असल त त्याच्या सिक्वेन्सवरही (नंबर देणाऱ्या मोजणीवरही) युसेज लागते, त्याच कामाच्या आयडेंटिटी कॉलमले नाही लागत. आन 'ग्रँट ऑन ऑल टेबल्स' फक्त आज असलेल्या टेबलांले लागू होते, पुढच्या महिन्यात नवीन टेबल आलं की पुन्हा रडगाणं, म्हणून 'आल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' चालवा, त्यात 'फॉर रोल' लिहून मालक रोलचंच नाव द्या, नाहीतर ज्यानं कमांड मारली त्याच्याच टेबलांपुरतं राहते.

पोस्टग्रेसमध्ये आधीपासूनच असलेल्या 'पब्लिक' स्कीमात कोणीही टेबल बनवू शकत होता, तो हक्क पोस्टग्रेसच्या 15 व्या व्हर्जनपासून (2022) काढला. पण जुन्यावरून अपग्रेड केलेल्या डेटाबेसमध्ये तो तसाच राहते, तिथं 'रिव्होक क्रिएट' स्वतः चालवा.

हबा फाइलमध्ये (pg_hba.conf, कोण कसा जोडू शकते ते ठरवणारी फाइल) 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारता आत) दिसला की काढून स्क्रॅम (पासवर्ड तपासायची पद्धत) लावा. लॉगमध्ये युजरचं नाव येईल असं करा, 'लॉग स्टेटमेंट' मॉडवर (mod, म्हणजे बदल करणाऱ्या कमांडांची नोंद) ठेवा. सॉफ्टवेअर स्वतःच एका युजरनं जोडत असल त त्या लॉगमध्ये एकच नाव दिसंल, तेव्हा कोणी बदल केला ते सॉफ्टवेअरच्याच ऑडिट टेबलमध्ये लिहून घ्या लागते.

सगळं झालं की 'सेट रोल' करून काटा रोल बना आन टेस्टची एक पावती डिलीट करून पाहा. एरर आला म्हणजे जमलं.