व्हॅमी बार सोडल्यावर तार बेसूर होते? पेन्सिल घ्या

सांगलीत गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं हमखास विचारतात: व्हॅमी बार (इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला लावलेली, सूर हलवायची दांडी) दाबून सोडला की गिटार सुरात परत का येत नाही? दोष बहुतेक वेळा बारचा नसतोच. बार दाबला की ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथं अडकवलेल्या असतात तो भाग, पुढे झुकतो, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडला की गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात. पण तार नटच्या (खुंट्यांजवळच्या, तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकली, तर ती पूर्ण परत सरकत नाही. खुंटी पिळताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला तर समजा, इथंच अडतंय.

तार सैल करून खाचेबाहेर काढा आणि टोक केलेली मऊ पेन्सिल, शक्यतो २बी, खाचेत चार-पाच वेळा फिरवा. तिचं ग्राफाइट वंगणाचं काम करतं. तेल मात्र नको, त्यात धूळ बसते. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे ठेवा. (नट लॉकचं, म्हणजे तारा घट्ट आवळून धरणारं असेल तर हा उपाय लागू नाही.)

मिरजेच्या सतारीवर तार ओढून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घेताना सूर चढतो, इथं बार दाबून तो उतरतो. उतरलेला सूर पूर्ण परत येतो का हे पाहायला, सूर लावल्यावर बार एकदा खोल दाबून सोडा, आणि मगच पुन्हा तपासा.