कामगाराला नावं ठेवण्याआधी: सुपरवायझरांनो, या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी १९ वर्षं काढली. नवा सुपरवायझर आला की आठ दिवसांत त्याचे शिक्के तयार असतात: हा आळशी, तो उर्मट, त्याचं कामात लक्ष नाही. कारण शोधायला एक अख्खी पाळी शॉपवर उभं राहावं लागतं, आणि तेवढा धीर या पोरांना नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण एकदा मीही तेच केलंय.

माणूस बघितला, जागा बघितलीच नाही. एका जुलैत पंपाच्या बॉडीचं रिजेक्शन वाढलं. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या भागात पोकळ्या, आणि सगळे एकाच मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याच्या, साच्यांतले. फोरमन म्हणाला, “घरी कटकटी आहेत त्याच्या, डोकं ठिकाणावर नाही.” मी इन्सेंटिव्ह कापायच्या कागदावर सही केली. तो मोल्डर म्हणजे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणायचे); ते दोनदा सांगून गेले होते, “साहेब, वाळू हाताला ओली लागालीय, बघा की एकदा.” मला ती सबब वाटली. महिन्याभरात मामा काम सोडून कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेले. त्यांच्या मशीनवर दुसरा मोल्डर आला, ब्लोहोल तसेच! तेव्हा कुठे मी मान वर केली. वाळूच्या ढिगावरचा पत्रा गळत होता. वाळूत ओलावा वाढला की ओतताना वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की धातूत पोकळी राहते. हे काय मला माहीत नव्हतं?

वागण्याचं कारण स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती विसरायची, या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये कारणारोपणातली मूलभूत चूक म्हटलं. त्याआधी, १९६७ मध्ये, हॅरोल्ड केली यांनी जे मांडलं होतं, ते तीन प्रश्नांत माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. बाकीच्यांचंही असंच होतंय का? याचं दुसऱ्या कामातही असंच होतं का? नेहमी होतं, की याच वेळी? पहिल्या प्रश्नात घाई करू नका. बाकीच्यांना ब्लोहोल नव्हते म्हणून तर आम्ही मामांना धरलं. पण बाकीच्यांच्या मशीनला वाळू दुसऱ्या ढिगातून जायची. जागा तीच ठेवून माणूस बदला, किंवा माणूस तोच ठेवून जागा बदला. मगच बोला.

‘ही माणसं असलीच.’ आपल्या सीमाभागात ही चूक फार जुनी. सेफ्टीचं ट्रेनिंग कन्नडमध्ये झालं की खानापूरकडची पोरं गप्प. मराठी सुपरवायझरच्या मीटिंगला गोकाक-बैलहोंगलची पोरं गप्प. शेरा दोन्हीकडे एकच: इंटरेस्ट नाही. आपल्यातला चुकला तर परिस्थिती, पलीकडचा चुकला तर त्यांची जातच तसली, हा हिशेब मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये मांडलाय. मी पाळी सुटल्यावर एकेकट्याला त्याच्या भाषेत विचारतो. माझं कन्नड मोडकंतोडकं, पण पोरं बोलतात.

उशिरा येणाऱ्याला झापण्याआधी त्याच गाडीने येणारे बाकीचे कधी पोचले ते पंचिंगवर बघा.

टार्गेट गाठलं तर माझं नियोजन, चुकलं तर लेबर खराब, असं रिपोर्टमध्ये लिहू नका.

चारचौघांत ‘का केलंस?’ विचारलं की कारण मिळत नाही, बचाव मिळतो.

तासाभराची चाचणी घेऊन माणसाचा ‘टाइप’ ठरवणारे कागद मी ड्रॉवरमध्येच ठेवतो.

चूक कळूनही गप्प बसणं. मामांचे कापलेले पैसे मंजूर करून घ्यायला मला दोन महिने लागले. रविवारी शिरोलीला जाऊन त्यांच्या हातात दिले. त्यांनी चहा पाजला, पत्रा बदलला का विचारलं. परत या म्हटलं, तर आले नाहीत.