पोशाखाआधी कागद

जुन्या काळातल्या माणसांच्या भूमिका प्रेक्षकांसमोर साकारून स्थानिक इतिहास जिवंत करण्याच्या कामात यायचंय असं म्हणणारी मुलं-मुली भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा पोशाखाचा असतो. कापड कुठलं वापरता, दागिने कुठून आणता, मेकअप कोण करतं? मी उलट विचारते: तुम्ही जी व्यक्ती उभी करणार, ती सकाळी कामाला किती वाजता निघायची, आणि हे तुम्हाला कुठल्या कागदावरून कळलं? इथे बरेच जण गप्प होतात. गप्प झालं तरी बिघडत नाही, पण शोधाची सुरुवात तिथूनच करायची असते. या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की पोशाख हा सगळ्यात शेवटी करायचा खर्च आहे.

हे क्षेत्र वाटतं तितकं नवं नाही. स्वीडनच्या आर्तुर हाझेलियस यांनी 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात लोकवेशातले पुतळे घरगुती प्रसंगांत मांडून दाखवले. पुढे 1891 मध्ये त्यांनी स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू केलं. देशभरातली जुनी घरं सुटी करून तिथे आणून पुन्हा उभारली आणि त्यांत माणसांचा वावर ठेवला. राजवाड्यांपेक्षा शेतकऱ्यांची घरं, भांडी, अवजारं जपावीत असं त्यांना वाटलं, कारण कारखानदारीच्या लाटेत तीच आधी नाहीशी होत होती. आपण आजही तेच करतो, फक्त साधनं बदलली.

व्यक्तिरेखा निवडताना नवखे लोक हमखास गावातल्या सर्वांत मोठ्या नावाकडे धावतात. माझा सल्ला उलटा आहे. प्रसिद्ध माणसाची प्रतिमा प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच तयार असते, आणि तो तुमची तुलना करायला येतो. त्याऐवजी टपाल वाटणारा, शाळेतला पंतोजी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, दवाखान्यातली परिचारिका असं कुणी घ्या. त्यांच्याबद्दल कागद कमी सापडतात हे खरं, पण सापडतात. हजेरीपट, शाळेची रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, आवक-जावक वह्या, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. यांतही कोर्टातल्या साक्षी म्हणजे सोनं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने ओळ लिहिली नाही, त्यांचं बोलणं तिथे कुणीतरी उतरवून ठेवलेलं असतं: भांडण कशावरून झालं, त्या वेळी चूल पेटली होती का, शेजारी कोण उभं होतं. तेवढ्यावर अख्खा प्रवेश उभा राहतो.

एका माणसाबद्दल पुरेसं मिळत नसेल, तर त्याच काळातल्या, त्याच कामातल्या चार-पाच जणांच्या नोंदी एकत्र करून एक व्यक्तिरेखा घडवता येते. चालतं, पण ते प्रेक्षकाला सांगायला हवं. फलकावर एक ओळ पुरते. लपवलं की उद्या त्या घराण्यातलं कुणीतरी समोर येऊन उभं राहतं आणि मग सगळ्याच मांडणीवरचा विश्वास उडतो.

आता या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग: तुमच्या व्यक्तिरेखेला काय माहीत नाही, याची यादी. समजा तुम्ही 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतली परिचारिका करताय. तुमच्या तोंडी विषाणू हा शब्द येता कामा नये, कारण माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो 1933 मध्ये. 1918 मधल्या अनेक डॉक्टरांना इन्फ्लुएन्झा हा एका जिवाणूचा रोग वाटत होता. पेनिसिलिनचा शोधही 1928 चा, म्हणजे न्यूमोनिया झाला तर हातात काय होतं? मोकळी हवा, अंथरूण, पाणी, वेगळं ठेवणं, तोंडाला कापडाची पट्टी. त्या वर्षी चालू असलेल्या युद्धालाही ती 'पहिलं' महायुद्ध म्हणणार नाही, दुसरं होईल हे तिला कुठे ठाऊक? साथ कधी संपेल हेही तिला ठाऊक नाही. हे अज्ञान नीट सांभाळलं की अभिनयाची फारशी गरज उरत नाही. तिची भीती आपोआप खरी वाटते.

म्हणून मी प्रत्येक व्यक्तिरेखेची एक वही करते. एका बाजूला तिला माहीत असलेल्या गोष्टी: साल, ऋतू, राज्य कुणाचं, धान्याचा भाव, शेजारच्या गावाला जायला लागणारा वेळ, मुलं किती, गेलेली किती. दुसऱ्या बाजूला तिला माहीत असणं अशक्य असलेल्या. प्रत्येक नोंदीपुढे आधार लिहायचा. आधार नसेल तिथे पेन्सिलीने 'अंदाज'. पेन्सिलीचं प्रमाण वाढत चाललं तर ती व्यक्तिरेखा अजून बाहेर काढू नये.

सादरीकरणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत तुम्ही ती व्यक्तीच असता आणि 'मी' म्हणून बोलता. दुसरीत पोशाख जुना असतो, पण बोलता आजचा माणूस म्हणून: 'त्या काळी इथे असं करत'. अमेरिकेतल्या प्लिमथ इथल्या संग्रहालयात या दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. इंग्रज वसाहतीच्या गावातले कलाकार 1627 सालातले रहिवासी म्हणून बोलतात आणि त्यापुढचं काही ओळखत नाहीत. वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीच्या वस्तीच्या भागातले मूळनिवासी कर्मचारी मात्र कुणाचीही भूमिका करत नाहीत. पारंपरिक वेशात, पण आजची माणसं म्हणून ते आपल्या पूर्वजांबद्दल सांगतात. आपण भूतकाळातली वस्तू नाही, अजून आहोत, हे त्यातून न बोलता कळतं. नवख्यांनी 'मी'ची पद्धत लगेच धरू नये असं मला वाटतं. ती आकर्षक आहे, पण प्रेक्षकाने 'मग पुढे काय झालं?' असं विचारलं की तुमचे हात बांधलेले. दुसऱ्या पद्धतीने सुरुवात करा, प्रश्न कुठून कुठून येतात ते बघा, मग 'मी'कडे वळा.

प्रश्न येतातच. लहान मुलं 'तू खरी आहेस का?' विचारतात, मोठे मोबाईल पुढे करून 'हे काय आहे ओळख' म्हणतात. मोबाईलवरचा विनोद एकदा जमतो, तिसऱ्यांदा सगळ्यांनाच कंटाळा येतो. अशा वेळी माणसाला वस्तूकडे न्यावं: 'ते राहू दे, ही पट्टी जरा बांधून दाखवता का?' हातात काम आलं की टवाळी थांबते. अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी 1957 मध्ये वारशाचा अर्थ प्रेक्षकांना उलगडून दाखवण्याची तत्त्वं मांडली, त्यांतलं एक असं की अशा कामाचा मुख्य हेतू माहिती शिकवणं नसून ऐकणाऱ्याला चाळवणं हा असावा. मला ते पटतं, फक्त चाळवण्यासाठीही आधी माहिती लागते, हे तरुण कलाकार विसरतात.

वेदनेचे विषय आले की मात्र घाई नको. अमेरिकेतल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या खुल्या संग्रहालयाने 1994 मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात सादर केला. अठराव्या शतकात त्या गावातली निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती, तरी संग्रहालयात तो इतिहास कित्येक दशकं झाकलेलाच राहिला होता. सादरीकरण संस्थेच्या आफ्रिकन-अमेरिकन विभागाच्या पुढाकाराने झालं, तरी नागरी हक्कांच्या संघटनांनी जोरदार निषेध केला. पाहिल्यावर काही विरोधकांचं मत बदललं, काहींचं नाही. मी दोन्ही बाजू समजू शकते, पण स्वतःपुरतं ठरवलंय की कुणाचा अपमान होतानाचा क्षण मी साकारत नाही. त्याच्या आधीची रात्र किंवा नंतरची सकाळ साकारते. आणि ज्यांच्या पूर्वजांची ती गोष्ट आहे, त्यांच्याशी तालमीच्या आधी बोलते. तालमीनंतर विचारणं म्हणजे नुसती परवानगी मागणं.

प्रदर्शनाच्या बाजूबद्दल थोडं. जिवंत सादरीकरण आणि कपाटातल्या वस्तू ही दोन वेगळी खाती आहेत असं समजू नका. एक चांगली वस्तू शेजारी असेल तर अर्धा संवाद वाचतो. पण अस्सल जुना कपडा अंगावर कधीही चढवू नका, कितीही टिकाऊ वाटला तरी. घाम, ताण आणि प्रकाश यांनी झालेलं नुकसान भरून येत नाही. कापड आणि कागद यांच्यासाठी साधारण 50 लक्सपर्यंतचा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) मंद प्रकाश ठेवतात आणि वस्तू काही काळाने आत नेऊन विश्रांती देतात. हाताळायला प्रतिकृती द्या आणि ती प्रतिकृती आहे असं लिहा. फलकावरचा मजकूर शंभर शब्दांच्या आत राहू द्या, पहिल्याच वाक्यात ती वस्तू कुणी, कशासाठी वापरली ते येऊ द्या. 'प्राचीन', 'दुर्मिळ', 'वैभवशाली' ही विशेषणं खोडून बघा, बहुतेक वेळा काहीच हरवत नाही.

वृद्धांच्या आठवणी गोळा करणार असाल तर संमती लेखी घ्या आणि सालांवर विसंबू नका. माणसं साल चुकवतात, पण क्रम आणि वास क्वचितच चुकवतात. 'पूर आला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?' असं विचारलं की गाडी रुळावर येते. पुराचं साल तुम्ही वर्तमानपत्रात शोधा.

पैशाचं सरळ सांगते. कायम जागा थोड्या असतात. बहुतेक जण मार्गदर्शक, संशोधन-साहाय्यक, शिक्षक, नट अशी दोन-तीन कामं सांभाळून हे करतात. सुट्ट्यांच्या दिवशी काम जास्त, म्हणजे घरच्यांना आधीच कल्पना द्या. जाड पोशाखात दिवसभर उभं राहणं अंगमेहनतीचं आहे. पाणी, सावली आणि बसायची जागा या गोष्टी करारात मागून घ्याव्यात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज जपा, आधुनिक चष्मा आणि मनगटी घड्याळ यांची सोय आधी लावा.

शिक्षण इतिहासाचं असो, संग्रहालयशास्त्राचं किंवा नाट्याचं, तीनही दारांनी लोक येतात. इतिहासवाल्यांना आवाज आणि देहबोली शिकावी लागते, नाट्यवाल्यांना दफ्तरखान्यात बसायची सवय. दुसरी सवय लागायला जास्त वेळ जातो, म्हणून ती आधी सुरू करा. एखाद्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नोंदी करण्याचं काम मागा. ते नीरस वाटतं, म्हणून कुणी मागत नाही, आणि म्हणूनच लवकर मिळतं. मुलाखतीला जाताना पोशाखातले फोटो न्या, हरकत नाही, पण त्यांच्यावर व्यक्तिरेखेची ती वही ठेवा, पेन्सिलीच्या खुणांसकट. निवड करणाऱ्यांमध्ये कुणी जाणकार असेल तर तो आधी पेन्सिलीचीच पानं उघडतो आणि विचारतो, 'हा अंदाज कशावरून केला?' त्या उत्तराची तयारी करून जा.